शेरा : पाठमोरा

चिंकारा समोरून कसा दिसतो, हे बारामती तालुक्यातल्या सुप्यात फार थोड्या माणसांना ठाऊक आहे. पाठीमागून मात्र तो सगळ्यांच्या ओळखीचा. गावाला लागूनच मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, पुरतं सव्वापाच चौरस किलोमीटरही न भरणारं. एवढ्याशा जागेत हरीण लपणार तरी कुठे, असं वाटतं. आणि ते लपतही नाही. गवतात उभं राहून, काळी शेपटी सारखी हलवत, आपल्याकडे बघत असतं. आपण खिशातून फोन काढला की जातं. दोन-तीनशे मीटरवर पुन्हा थांबतं, मान वळवून बघतं, आपण अजून फोनचं कुलूपच उघडतोय याची खात्री करून घेतं आणि मग निवांत चरायला लागतं.

आमचे अण्णा निवृत्त तलाठी. सगळी नोकरी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत झाली. तलाठ्याने एखादी गोष्ट पाहिली की ती नुसती पाहिलेली राहत नाही, नोंदवलेली होते. निवृत्तीनंतर नोंदवायला काही उरलं नाही, पण बघणं चालूच राहिलं. रोज पहाटे ते अभयारण्याच्या रस्त्याने फिरायला जातात. एकदा त्यांना लांडगा दिसला. परत येताना पारावर थांबून त्यांनी ही बातमी दिली, तर मंडळींनी चहा संपायच्या आत त्या लांडग्याचं कुत्रं केलं.

"आण्णा, त्ये वस्तीवरचं कुत्रं आसंल," माजी सरपंच म्हणाले.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं ऱ्हायलंय?" निवृत्त कंडक्टरांनी विचारलं.

ज्यांच्या पंचनाम्यावर कोर्टाने कधी शंका घेतली नाही, त्यांच्या लांडग्याला भर पारावर पुरावा मागितला गेला. अण्णा घरी आले, चप्पलही न काढता त्यांनी मला पुण्याला फोन लावला आणि हुकूम सोडला, "कॅमेरा पाहिजे. तारीख उठणारा."

तारखेवर एवढा जोर का, हे सुप्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. या गावाने कागदाचा हिसका बघितलेला आहे. १२ मे १८७५ रोजी बाजाराला जमलेले शेतकरी इथल्या सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी वह्या, रोखे, गहाणखतं बाहेर काढून पेटवून दिली. दंग्याचं लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारने कमिशन बसवलं आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकापुढे नोंदवणं भाग पडलं. म्हणजे जाळलेल्या कागदांतून शेवटी आणखी कागदच निघाले. अण्णा हा इतिहास पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. त्यांच्या मते त्या दंग्यात लोकांचा राग माणसांवर कमी आणि तारखांवर जास्त होता, कारण सावकाराच्या वहीत देण्याची तारीख असे आणि घेण्याची नसे.

गंमत अशी, की सुप्याच्या दंग्याला बरोबर शंभर वर्षं झाली त्या १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र साठवायला कॅसेटची टेप, आणि चित्रात सगळे मिळून दहा हजार ठिपके. जाळायला कागदच शिल्लक ठेवायचा नाही, ही सोय तिथून सुरू झाली. एक फोटो टेपवर उतरायला त्या यंत्राला २३ सेकंद लागत. हे मी अण्णांना मोठ्या हौसेने सांगितलं.

"तेवीस सेकंद?" अण्णा म्हणाले, "तेवढ्यात चिंकारा मोरगावला जाऊन गणपतीचं दर्शन घेऊन येईल."

आमच्या घरात कुठलीही खरेदी बैठकीशिवाय होत नाही. पुण्याहून मी, बारामतीहून ताई आणि दाजी, सुप्याहून अण्णा, असे सगळे फोनवर जमलो. आई स्वयंपाकघरात होती, पण तिच्या आवाजाला फोन लागत नाही. दाजींचा कॅमेऱ्यांचा अभ्यास दांडगा आहे. स्वतःकडे कॅमेरा नसल्यामुळे त्यात खंड पडत नाही. त्यांनी सुरुवातच मिररलेसपासून केली, फुल फ्रेमवर आले आणि लेन्सची किंमत वेगळी असते, हे शेवटी हळूच सांगितलं. आकडा ऐकून आई आतून म्हणाली, "एवढ्या पैशात एक चिंकाराच का घेत नाही? दारात बांधा आणि काढा फोटो."

अण्णांनी तिथल्या तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काढला. चिंकारा पहिल्या अनुसूचीत येतो, जामीन मिळायची पंचाईत होईल. आईने भाकरी उलटली.

ताईचं म्हणणं साधं होतं. अण्णांकडे चांगला फोन आहे, त्याला कॅमेरा आहे, मग आणखी कशाला? इथे मी हिशेब मांडला, कारण तलाठ्याला भावना पटत नाहीत, क्षेत्रफळ पटतं. फोनची नेहमीची लेन्स अडीचशे मीटरवर साधारण साडेतीनशे मीटर रुंदीचं रान फोटोत घेते. त्यात मीटरभर लांबीचा चिंकारा. फोटोच्या एका ओळीत चार हजार ठिपके धरले तर चिंकाऱ्याच्या वाट्याला येतात बारा. डोकं, पाय, शिंगं आणि ती हलणारी शेपटी, सगळं त्या बारा ठिपक्यांत बसवायचं.

"गुंठ्यालाही बसत नाही," अण्णा म्हणाले आणि फोनचा विषय बाद झाला.

तसा त्यांचा फोनच्या फोटोवर राग नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक लावायचं तर शेतकऱ्याने स्वतः रानात उभं राहून, मोबाईलने पिकाचा फोटो काढून चढवायचा. एका परिपत्रकात सरकारने सगळा महाराष्ट्र फोटोग्राफर करून टाकला. जे काम अण्णांनी सायकलवरून, बांधाबांधाने फिरून आयुष्यभर केलं, ते आता अंगठ्याने होतं. त्यांनी स्वतःच्या बाजरीचा फोटो पहिल्या दिवशीच चढवला. "बाजरीपुरता फोन ठीक आहे," हा त्यांचा निकाल. "बाजरी पळत नाही."

कॅमेरा सोपा पाहिजे, यावर बैठकीत एकमत झालं. सोपा म्हणजे काय, हे कुणीच विचारलं नाही. वडिलांसाठी सोपी वस्तू शोधणाऱ्या मुलांच्या मनात व्याख्या ठरलेली असते: जी घेतल्यावर वडिलांचा पुन्हा फोन येणार नाही ती. म्हणून आपण बटणं मोजतो. बटणं जितकी कमी तितके वडील सुखी, असं एक गृहीत धरलेलं असतं. ज्या माणसाने वाटण्या, वारसनोंदी आणि भावाभावांची भांडणं यांतून वाट काढत एकेका गावाचं दप्तर सांभाळलं, त्याला सात बटणं जड जातील, असं आपल्याला का वाटतं देव जाणे. बहुधा आपल्याला स्वतःला ती जड जातात.

या सोपेपणाचा धंदा तसा जुना. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली कोडॅक कॅमेरा काढला तो याच जोरावर. २५ डॉलरला, आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. ती संपली की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवून द्यायचा; धुणं, छापणं, नवी फिल्म भरणं, सगळं त्यांच्याकडे. पुढे १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला, तो तर मुलांच्या हातात द्यायचा म्हणूनच. सोपा म्हणजे पोरांचा, हे समीकरण तिथपासूनचं. आमच्या घरात एके काळी बडोद्याला बनणारा अॅग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. ऊन आहे की ढग, एवढं ठरवायचं आणि खटका ओढायचा. त्यात अण्णांनी काढलेले आमच्या लहानपणचे फोटो आजही आहेत. सगळ्यांत आम्ही भावंडं मध्यभागी बारीकशी आणि चारही बाजूंना भरपूर मोकळी जागा. आई म्हणायची, पोरांचे चेहरे दिसत नाहीत. अण्णा म्हणायचे, चतुःसीमा दिसल्याशिवाय जागा कुठली ते कसं कळणार?

पुण्यात बुधवार पेठेतल्या एका जुन्या दुकानात आम्ही गेलो. मी काउंटरवर सांगितलं, "वडिलांसाठी सोपा डिजिटल कॅमेरा दाखवा." दुकानदाराने अण्णांकडे एकदा पाहिलं, मागच्या कपाटात हात घातला आणि गुलाबी रंगाचा, वर सशाचे कान असलेला कॅमेरा काढून ठेवला.

अण्णांनी तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, कान जरा वाकवून बघितले आणि गंभीरपणे विचारलं, "यात तारीख उठते का?"

दुकानदाराचाही दोष नाही. २०१० साली जगभरात बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. बारा वर्षांत तो आकडा ऐंशी लाखांच्या आसपास आला. खिशातले छोटे कॅमेरे फोनने गिळले. उरलेत ते लग्नवाल्यांचे, पक्षीवाल्यांचे आणि यूट्यूबवाल्यांचे. "साधा कॅमेरा आता दोघंच मागतात," दुकानदार म्हणाला, "एक तर तुमच्यासारखे काका, नाही तर त्या."

त्या म्हणजे शेजारी उभी असलेली कॉलेजची मुलगी. तिला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा छोटा डिजिटल कॅमेरा हवा होता, जुना चालेल, किंबहुना जुनाच हवा. फ्लॅश तोंडावर फाटकन पडला पाहिजे, रंग जरा विटलेले आले पाहिजेत. माझ्या वयाच्या लोकांनी ज्या फोटोंना नावं ठेवत नवे फोन घेतले, तेच फोटो तिला पैसे मोजून हवे होते.

"फोनमध्ये काय वाईट आहे?" अण्णांनी तिला विचारलं.

"काका, फोन स्वतःच्या मनाने चेहरा गुळगुळीत करतो. मी सांगितलेलं नसतं तरी. यात जसं आहे तसं येतं."

"म्हणजे फेरफार नाही."

"हो ना! फेरफारच नाही."

पुढची दहा मिनिटं ती दोघं मला आणि दुकानदाराला वगळून बोलत होती. तिला फोटो जुना दिसायला हवा होता, यांना खरा; पण दोघांचाही अविश्वास एकाच यंत्रावर. निघताना तिने अण्णांना विचारलं, घरी एखादा जुना कॅमेरा पडलाय का. अण्णांनी क्लिक थ्रीची हकिकत सांगितली. ती जागच्या जागी उडाली. क्लिक थ्री काही विकायचा नाही, असं अण्णांनी स्पष्ट केलं. त्यावर आमच्या लहानपणाची वहिवाट आहे.

कॅमेरा शेवटी अण्णांनीच निवडला. निकष त्यांचे होते आणि ते माझ्या बटणांच्या यादीत कुठेच नव्हते. पहिला निकष : लांबचं जवळ दिसलं पाहिजे. दुकानदाराने नायकॉनचा पी १००० दाखवला. १२५ पट झूम, वजन सुमारे १.४ किलो. अण्णांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि विचारलं, "याच्याबरोबर गडी मिळतो का?" मग साठ पटींचा, निम्म्याहून कमी वजनाचा एक बाहेर आला. अडीचशे मीटरवर तो जेमतेम साडेसात मीटर रुंदीची पट्टी फोटोत घेतो. म्हणजे चिंकारा फोटोच्या सातव्या-आठव्या हिश्श्याला येतो. वारसाहक्काने इतका हिस्सा हल्ली माणसालाही मिळत नाही.

दुसरा निकष जास्त महत्त्वाचा होता आणि तो कुठल्याच जाहिरातीत सोपेपणा म्हणून सांगत नाहीत. कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी हवी. का, ते सत्तरी ओलांडल्यावर कळतं. मागच्या पडद्यावर बघायचं तर जवळचा चष्मा लागतो. समोरचं हरीण बघायचं तर तो काढावा लागतो. चष्मा लाव, पडदा बघ, चष्मा काढ, हरीण बघ. या पाळीत हरीण कुणासाठी थांबणार? शिवाय सुप्याच्या उन्हात पडद्यावर काही दिसतच नाही, दिसतो तो आपलाच चेहरा. खिडकीला डोळा लावला की ऊन गेलं. तिच्या कडेला एक बारीक चकती असते, ती फिरवली की आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे आतलं चित्र स्वच्छ होतं आणि चष्मा लागतच नाही. कॅमेरा कपाळाला टेकल्यामुळे हातांची थरथरही कमी होते. अण्णांनी ती चकती टकटक फिरवली, खिडकीतून रस्त्यापलीकडच्या इमारतीवरची पाटी वाचली, खालचा रजिस्ट्रेशन नंबरही वाचला आणि म्हणाले, "हा."

मेगापिक्सेल किती, वायफाय आहे का, व्हिडिओ कसला, हे दाजी बघून घेतील असं ठरलं. त्यांनी ते अजून बघितलेलं नाही.

शिकवणीची जबाबदारी माझ्याकडे आली. सगळ्यात मोठा अडसर निघाला तो बटण अर्धं दाबण्याचा. कॅमेऱ्याचं बटण आधी अर्धं दाबायचं, मग तो नेम धरतो, मग पूर्ण दाबायचं. अण्णांना ही कल्पनाच पटेना. अर्धी सही करतात का? अर्धा शिक्का मारतात का? ते बटण दाबायचे ते तहसीलदारांच्या टेबलावर फाईल आपटावी तसं, आणि फोटोत चिंकाऱ्याच्या जागी आभाळ यायचं. मग मी म्हणालो, "अण्णा, अर्धं दाबणं म्हणजे नोटीस. पूर्ण दाबणं म्हणजे आदेश. नोटीस दिल्याशिवाय आदेश काढता येत नाही." त्या दिवसापासून त्यांचा एकही फोटो हललेला नाही.

बाकीच्या अडचणी आईने निस्तरल्या. फोटोचं बटण आणि कॅमेरा बंद करायचं बटण, दोन्ही काळी, बोटाला सारखीच लागणारी. चिंकारा नेमका टप्प्यात आला की कॅमेरा नमस्कार करून मिटायचा. आईने आपल्या पाकिटातली लाल टिकली काढून फोटोच्या बटणावर चिकटवली. झूमच्या खटक्यावर हिरवी. वरची गोल चकती पिशवीत आपोआप फिरून भलत्याच खुणेवर जायची. तिला तिने चिकटपट्टीने जागेवर बांधून टाकलं. एवढं संशोधन करणाऱ्या कंपन्यांना हे आजवर सुचलं नाही, कारण त्यांच्या कारखान्यात टिकल्या नसतात. कॅमेऱ्याचा बीप असा आवाज मात्र मी मेनूत शिरून बंद केला. तो आवाज चिंकाऱ्याला दुकानदारापेक्षा चांगला ओळखू येतो.

काही गोष्टींना कॅमेऱ्याकडे इलाज नाही. हा बारामती तालुका असला तरी कालव्याकाठचा उसाचा नाही. सुपे, मोरगावची ही बाजू जिरायती. उन्हाळ्यात दहा वाजले की रान तापतं, हवा थरथरायला लागते आणि साठ पट झूममधून चिंकारा पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. मृगजळात मृगाचा फोटो कुठलाही कॅमेरा काढू शकत नाही. अण्णांनी वेळ ठरवून घेतली: उजाडल्यापासून नऊपर्यंत. हात टेकायला एका धनगराने त्यांना बेचक्याची काठी करून दिली. बाजारात एका पायाचा स्टँड मिळतो त्याहून ती बरी, कुत्र्यांसाठीही चालते.

आता तारखेचं. अण्णांना बॅटरीवर विश्वास नाही. टॉर्चमध्ये सेल ठेवले की उतरतात, हा त्यांचा अनुभव; म्हणून घरी आल्यावर कॅमेऱ्यातली बॅटरी काढून, रुमालात गुंडाळून ते कपाटात ठेवायचे. एक जादा बॅटरी मी ऑनलाइन मागवली होती. ती पारनेर तालुक्यातल्या सुप्याला गेली, एमआयडीसी बघून आली आणि मग आमच्या सुप्याला पोचली. पत्रं, लग्नपत्रिका आणि एकदा एक जावई, असं बरंच काही या दोन सुप्यांत चुकलेलं आहे. तर, बॅटरी दिवसेंदिवस बाहेर राहिली की कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ थांबतं आणि पुन्हा चालू होताना ते सरळ कारखान्यातल्या पहिल्या दिवसावर जातं. परिणामी अण्णांचा प्रत्येक फोटो १ जानेवारीचा निघाला. भर पावसातलं हिरवं गवत, १ जानेवारी. मोहोर, १ जानेवारी. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्यांचं रिंगण, तेही १ जानेवारी.

मला वाटलं, अण्णा कॅमेरा फेकून देतील. ते शांत होते. त्यांच्या पिढीच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख आठवत नसे आणि गुरुजींना लिहिणं भाग असे. अण्णा स्वतः १ जूनचे, माजी सरपंच १ जूनचे, कंडक्टरही १ जूनचे. "गुरुजींनी आम्हाला दिली, याने हरणाला दिली," ते म्हणाले. "मूळ नोंद चुकली तर खाडाखोड करायची नसते. दुरुस्तीची नोंद वेगळी घालायची."

आणि त्यांनी रजिस्टर घातलं. लांबट, लाल कापडी कण्याचं. रकाने : अनुक्रमांक, खरी तारीख, कॅमेऱ्याची तारीख, ठिकाण, चतुःसीमा, शेरा. बॅटरी आता कॅमेऱ्यातच राहते आणि तारीख बरोबर येते, पण रकाने दोन्ही चालू आहेत, न जाणो. त्यांच्या कार्डावर अजून हजारो फोटोंची जागा आहे, तरी ते सकाळी दोन-तीनच काढतात. बारा फोटोंच्या रोलची सवय. पुसत मात्र एकही नाहीत. मी एकदा त्यांच्या स्वतःच्या चपलेचा चुकून निघालेला फोटो पुसायला गेलो, तर हात धरला. अनुक्रमांक तुटतो. त्या फोटोसमोर शेरा आहे, 'चप्पल, डावी'. चिंकाऱ्याच्या नोंदींसमोर बहुतेक ठिकाणी एकच शब्द : 'पाठमोरा'. एका ठिकाणी : 'पाठमोरा, परंतु मान वळवून'.

भिगवणला रोहित पक्षी आले तेव्हा दाजी अण्णांना गाडीतून घेऊन गेले. उजनीच्या फुगवट्यावर होड्याच होड्या, पुण्या-मुंबईचे लोक मोठमोठ्या लेन्स घेऊन बसलेले, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. अण्णांनी शिस्तीत दोन फोटो रोहितांचे काढले, शेरा 'गुलाबी', आणि मग परतीला पळसदेवकडे गाडी वळवायला लावली. तिथे त्यांनी नुसत्या पाण्याचे फोटो काढले. उजनी धरण झालं तेव्हा जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं तरच पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं. अण्णा तेव्हा इंदापूर तालुक्यात होते. त्या फोटोंच्या चतुःसीमेच्या रकान्यात त्यांनी पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, गट कुठला, सगळं आठवून लिहिलंय. दाजींनी त्यातला एक फोटो फोनवर बघितला आणि म्हणाले, "मामा, यात फोकसला काही नाहीये." खरं आहे, त्यांच्या दृष्टीने.

लांडगा मिळाला तो त्यानंतरच्या थंडीत. समोरून, कान ताठ, नजर सरळ कॅमेऱ्यात, खाली तारीख, तीही बरोबर. अण्णांनी बारामतीला जाऊन स्टुडिओत मोठी प्रत काढून आणली आणि पारावर ठेवली. कंडक्टरांनी चष्मा लावला. माजी सरपंचांनी फोटो उन्हात धरला. कुणीच काही बोलेना. मग सरपंचांचा कॉलेजातला नातू वाकून बघत म्हणाला, "भारी केलाय अण्णा. कुठल्या एआयवर केला?"

कॅमेरा निवडताना आम्ही सगळे जण बटणं, वजन, चष्मा, झूम यांचा कीस पाडत बसलो होतो. या प्रश्नाला उत्तर देणारं मॉडेल बुधवार पेठेतही मिळत नाही. पार हसला, कंडक्टरांनी फोटो परत दिला आणि लांडग्याचं दुसऱ्यांदा कुत्रं झालं; या वेळी तर ते नुसतं कुत्रंही नव्हतं, संगणकातलं.

अण्णांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते एकटे जायचे बंद झाले. रजिस्टरात आणखी दोन रकाने आखले गेले : पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. रोज पहाटे दोन माणसं बरोबर असतात, फिरत्या पाळीने. काठी करून देणारा धनगर तर ठरलेलाच. जनावर दिसलं की आधी पंचांनी बघायचं, मग नोटीस, मग आदेश, मग जागेवर सह्या. थंडीत पहाटे पाचला उठून पंच म्हणून यायला लोक कसे तयार होतात, असं मी विचारलं. आई म्हणाली, "मी उपीट करून देते." पुढच्या आठवड्याची पाळी निवृत्त कंडक्टरांची आहे. माजी सरपंचांनी गुडघ्याचं कारण सांगितलंय, पण चौकशी चालू आहे, असं कळतं.

मधल्या काळात आईने कॅमेऱ्याची वहिवाट सुरू केली आहे. दुपारी अण्णा झोपले की ती गच्चीवर जाते. साठ पट झूममधून स्टँडवर एसटीतून कोण उतरलं ते दिसतं, कुणाच्या गच्चीवर कसल्या कुरडया पडल्यात ते दिसतं, आणि मोकाट शेरडं नेमकी कुणाची, हे तर पुराव्यासकट. फोटो ती सहसा काढत नाही, तिला बघण्यातच रस. एकदाच काढला. मागच्या वेळी मी सुप्याला गेलो तेव्हा रजिस्टर चाळताना ती नोंद सापडली, अक्षर आईचं. ठिकाण : अंगण. चतुःसीमा : पूर्वेस तुळस, पश्चिमेस स्कूटर, उत्तरेस मी, दक्षिणेस संडास. पंच क्रमांक एक : शेजारची सून. शेरा : 'ह्यांचे डोळे मिटलेले. तीनदा सांगून.'